तारण 'होतं' की 'मिळवतात'? आणि शब्बाथ 'पाळणे' म्हणजे नेमकं काय

छापखानेवाला, शालिमार:
नमस्कार मंडळी. आमचं शालिमारला डीटीपी आणि छपाईचं काम आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, वर्षश्राद्धाची कार्डं, असलं सगळं. परवा एक गृहस्थ सेव्हन्थ डे वाल्यांच्या, म्हणजे शनिवारी उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, सभेचं पत्रक छापायला घेऊन आले, वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं, आणि त्यात ठळक ओळ होती "शब्बाथ पाळा, तारण मिळवा". सोबत आलेल्या आजींनी ती ओळ काउंटरवरच पेनाने खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं "तारण झाले म्हणून शब्बाथ पाळतो", आणि मग दोघांची जी जुंपली ती पाळकांना विचारून येतो म्हणेपर्यंत. मला धर्माच्या वादात पडायचं नाही, भाषेचं विचारतोय. आम्ही तारण हा शब्द पतसंस्थांच्या पत्रकात छापतो, सोनेतारण कर्ज वगैरे. मोक्ष, मुक्ती, उद्धार एवढे शब्द पडलेले असताना ख्रिस्ती लोकांनी हाच का धरला? आणि शब्बाथ म्हणजे शनिवार की रविवार?

जुनं नाशिक:
शब्बाथ हा सरळ सरळ 'सप्त'वरून आलाय, सातवा वार. संस्कृतच आहे सगळं.

शरणपूर रोड:
नाही हो काका, सप्तचा काही संबंध नाही. हिब्रूत शब्बाथच्या मुळाशी थांबणे, हातातलं काम बंद करणे हा अर्थ आहे आणि सातला तिकडे वेगळा शब्द आहे, शेव्हा. कानाला सारखं लागतं म्हणून नातं जोडता येत नाही. म्हणजे मुळात हे वाराचं नावच नाही, थांबण्याचं नाव आहे, ते सातव्या दिवसाला चिकटलं. तो दिवस शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि शनिवारी मावळला की संपतो. आपला वार उजाडल्यावर बदलतो त्यामुळे पत्रकात 'शब्बाथाची सुरुवात शुक्रवारी सायंकाळी' असं दिसलं की कंपोझ करणाऱ्याला वाटतं लिहिणाऱ्याची गडबड झाली, तर कृपा करून ते दुरुस्त करू नका. वेळही बदलती असते, नाशिकला डिसेंबरात सहाच्या आसपास आणि जूनमध्ये सव्वासातला.

मराठी मुलखाला ही गोष्ट नवी नाही. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे तिथले यहूदी, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाल्यांनी त्यांचं नावच शनवार तेली ठेवलं. शब्बाथ हा शब्द गावाला माहीत नव्हता पण पाळणं दिसत होतं.

आता रविवार. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला ही श्रद्धा, म्हणून सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी त्या दिवशी जमायला सुरुवात केली, बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत २०:७ ला (अध्याय २०, वचन ७) पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमल्याचं आहे, साधारण इ.स. १५० च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेचं वर्णन करतो, आणि ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला. पुढे चौथ्या शतकातच लाओदिकियाच्या परिषदेने शनिवारी काम थांबवू नका असं ख्रिस्ती लोकांना बजावलं, आणि बजावावं लागलं म्हणजे थांबवणारे तेव्हाही होते हे उघड आहे. बहुतेक मंडळ्या, म्हणजे चर्च, रविवारला शब्बाथ म्हणत नाहीत, प्रभूचा दिवस म्हणतात. पण स्कॉटिश वळणाच्या प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) लोकांच्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यात रविवारलाच ख्रिस्ती शब्बाथ म्हटलंय, त्यामुळे एखादे आजोबा रविवारला शब्बाथ म्हणाले तर तेही चूक नाहीत, त्यांची परंपरा वेगळी.

जुनं नाशिक:
बरं सप्त राहू द्या. पण रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी दिली हे तर खरं ना?

जेल रोडची ताई:
काका, साहेबांना होती हो चर्चसाठी, गिरणीकामगाराला कुठे होती? ती कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून मिळवली, १० जून १८९०. आणि त्यांनी कारण काय दिलं, तर रविवार हा खंडोबाचा वार!
छापखानेवाले दादा, एक लक्षात ठेवा. आम्ही कॅथलिक, आमच्या दहा आज्ञांच्या मांडणीत हा दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा तिसरी येते, लुथरन लोकांचीही तशीच. बाकी बहुतेक प्रॉटेस्टंटांची चौथी. आज्ञा त्याच, पाडलेले आकडे वेगळे. तेव्हा एका गिऱ्हाइकाची फाइल उघडून दुसऱ्याला आकडा बदलून देऊ नका, बोंब होईल.

अंबडकर:
सलाम सगळ्यांना. मी स्वतः सॅबथ, म्हणजे शब्बाथच, पाळणारा आहे म्हणून लिहितो. आमच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांना शनिवारची सुट्टी त्यामुळे इथे देवकृपेने प्रश्न येत नाही, आधी दुसऱ्या गावी होतो तिथे दर शुक्रवारी सुपरवायझरपुढे हात जोडावे लागायचे आणि तो दरवेळी तोंड वाकडं करायचा. घरी म्हणाल तर शुक्रवारी दुपारपासूनच धावपळ, कपड्यांना इस्त्री, शनिवारचा स्वयंपाक होता होईल तेवढा आधीच उरकलेला, मुलांच्या आंघोळी, आणि दिवेलागणीला टीव्ही बंद करून सगळे एका ठिकाणी बसतात, गाणं, प्रार्थना, हॅपी सॅबथ. शनिवारी सकाळी शब्बाथ शाळा आणि मग उपासना.

पण 'पाळा आणि तारण मिळवा' असं आमची मंडळी शिकवत नाही हे स्पष्ट सांगतो. आमच्याकडेही बायबलातलं इफिसकरांस पत्र २:८ च आहे, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान. शब्बाथ हे त्या नात्याचं चिन्ह आहे, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने सातवा दिवस पवित्र केला तेव्हा यहूदी कोण आणि परराष्ट्रीय (यहूदी नसलेला) कोण हा भेदच नव्हता, मग तो फक्त यहूद्यांचा कसा? कलस्सै २:१६ दाखवून लोक आम्हाला गप्प करायला बघतात, तिथे सण, अमावास्या आणि शब्बाथ यावरून कोणी तुमचा न्याय करू नये असं आहे, पण आमच्या मते ते सणावारांचे विधीचे शब्बाथ, दहा आज्ञांतला नाही. आजींनी खोडलं ते बरोबर खोडलं.

शरणपूर रोड:
अंबडकर दादांनी मुद्द्यावर आणलं. कलस्सैच्या वचनावर माझं त्यांच्याशी जमत नाही, सण, अमावास्या, शब्बाथ अशी वर्षाची, महिन्याची, आठवड्याची उतरंडच तिथे दिसते आणि रोमकरांस १४:५ मध्येही कोणी एक दिवस मोठा मानतो कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी असंच आहे. पण तो वाद इथे मिटणार नाही. शब्दाकडे येऊ.

तारण हे तरणे-तारणे या घरातलं. देव तारी त्याला कोण मारी, यातलं तारी तेच. बुडणाऱ्याला दुसऱ्याने बाहेर काढणं. सोनेतारणातही तीच छटा आहे, पैसे बुडू नयेत म्हणून जे हाताशी धरलेलं असतं ते तारण, तेव्हा पतसंस्था आणि पाळक दोघं एकाच शब्दाचे दोन अर्थ वापरतायत. मोक्ष घेतला की जन्ममरणाचा फेरा डोळ्यासमोर येतो आणि ख्रिस्ती शिकवणीत फेरा नाही, एकच जन्म मग न्याय. मुक्ती चालतो, कॅथलिकांत मुक्तिदाता म्हणतातही. उद्धार शब्द चांगला पण बोलण्यात त्याची पार वाट लागलीय, सात पिढ्यांचा उद्धार केला म्हटलं की कोणाला स्वर्ग आठवत नाही.

आता क्रियापद, कारण सगळी मेख तिथे आहे. तारण होतं, तारण मिळतं, तारण मिळवतात. पहिल्या दोन्हींत करणारा दुसरा कोणीतरी आहे. तिसऱ्यात एक व घुसला आणि घाम आपला झाला, टक्के मिळवणे, कंत्राट मिळवणे तसं. बुडणारा माणूस तारण मिळवत नसतो. त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नसेल, घोषणा ठसठशीत व्हावी म्हणून त्यांनी 'मिळवा' लिहिलं, पण त्या एका अक्षराने, तारण विश्वासाने की आपल्या कर्मांनी, हा लुथरपासूनचा सगळा तंटा पत्रकावर आला.

जेल रोडची ताई:
थांबा थांबा, एवढं सोपं नाही. फिलिप्पैकरांस २:१२ मध्ये 'तारण साधून घ्या' आहे की, भीत व कापत. साधून घेणं म्हणजे आपणच करायचं ना? आणि याकोब तर म्हणतोच, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे.

शरणपूर रोड:
ताई, बरोबर पकडलंत. पण तेराव्या ओवीत, म्हणजे वचनात, लगेच आहे की इच्छा आणि कृती तुमच्यात घडवणारा देव आहे. साधणे हे मिळवणे नाही, हाती आलेल्या गोष्टीचं सार्थक करणं असं मी वाचतो, तुमचे फादर कदाचित वेगळं सांगतील. याकोबाचं म्हणाल तर मराठीच मदतीला येते, विश्वास आणि विश्वासू. विश्वास ठेवणारा विश्वासू निघाला नाही तर तो विश्वास कसला, नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही त्या एकाच शब्दात भरवसा आणि इमान दोन्ही बसतात. म्हणून मला 'श्रद्धेने तारण' हे भाषांतर पटत नाही, श्रद्धेत इमान राखण्याची बाजू फिकी पडते.

आणि पाळणे. पथ्य पाळतो ते बरं व्हायला, शब्द पाळतो तो दिला म्हणून. शब्बाथ पाळणारे दोन्ही जातीचे भेटतात आणि तसे रविवार पाळणारेही भेटतात, मिस्सा (कॅथलिकांची उपासना) चुकली की आता काही खरं नाही म्हणणारे. अंबडकर दादांचं शुक्रवारचं वर्णन मला तरी शब्द पाळण्यातलं वाटलं. शास्त्रातही आज्ञेला कारणं दोन दिलीत, बायबलातल्या निर्गम या पुस्तकात अध्याय २० मध्ये देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून, आणि अनुवाद या पुस्तकात अध्याय ५ मध्ये तुम्ही मिसरात गुलाम होता आणि तुम्हाला बाहेर काढलं म्हणून, तेव्हा दास-दासी, बैल, गाढव सगळ्यांना सुट्टी द्या. दुसऱ्या ठिकाणी आधी सुटका आणि मग पाळणं, आजींनी ओळीत लावलेला क्रम तोच.

अंबडकर:
आमेन. कलस्सैवर एकदा चहाला बसू, गंगापूर नाक्यावर, पण शनिवारी संध्याकाळनंतर.

जुनं नाशिक:
एक शंका. आठवडा सात दिवसांचा मग त्याला आठवडा का म्हणतात? आणि पहिला वार कोणता, मोबाइलमध्ये तर सोमवार दाखवतो.

शरणपूर रोड:
काका, हा प्रश्न झकास. आपण दोन्ही टोकं धरून मोजतो, आज सोमवार तर पुढचा सोमवार आठ दिवसांनी. योहान २०:२६ मध्येही तसंच 'आठ दिवसांनंतर' आहे, म्हणजे पुढचा रविवारच, मराठी वाचकाला तिथे अडखळायला होत नाही. बर्णबाच्या नावाच्या जुन्या ख्रिस्ती पत्रात तर रविवारला आठवा दिवस म्हटलंय, नव्या जगाची सुरुवात म्हणून. पहिला वार म्हणाल तर भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारपासूनच ओळ सुरू होते, मोबाइलची सेटिंग बदलून घ्या.

छापखानेवाला, शालिमार:
भरपूर झालं, आभारी आहे. छापायचं एकच राहिलं, शब्बाथच्या की शब्बाथाच्या? आणि सॅबथ लिहिलं तर?

शरणपूर रोड:
शब्बाथाच्या, रथाच्या सारखं. सॅबथ लिहिलात तर सॅबथच्या खपून जाईल. फक्त शब्द ओळीच्या शेवटी तुटू देऊ नका, शब् वर आणि बाथ खाली गेलं तर लोक सभेत टॉवेल घेऊन येतील.