वॉक-इन वॉर्डरोबमधून बाथरूम: सोय की खोळंबा?

गडगा
चिपळूणजवळ गावी घर बांधतोय. वरच्या मजल्यावर आम्हा दोघांसाठी 14 बाय 22 फुटांची जागा निघते. आर्किटेक्टचा प्लॅन असा: पुढे 14 बाय साडेतेराची बेडरूम. मागे उत्तरेला आठ फुटांचा पट्टा उरतो, त्यात पश्चिमेच्या टोकाला सहा बाय आठची कपड्यांची खोली आणि पूर्वेला साडेसात बाय आठचं बाथरूम. बेडरूममधून बाथरूमला थेट दार नाही. कपड्यांच्या खोलीतून आत जायचं.

बायको या प्लॅनवर बेहद्द खूश आहे. आंघोळ करून आलं की कपडे हाताशी, आणि रात्री एक उठला तर दुसऱ्याच्या डोळ्यांवर उजेड नाही. माझं मत, हे सगळं हॉटेलात ठीक. घरी भिंतीला सरळ लांब कपाट करावं आणि जागा मोकळी ठेवावी. चौथरा झालाय, भिंती उठायच्या आत ठरवायचंय. बिनधास्त बोला.

सुतारपक्षी
फर्निचरची कामं करतो, म्हणून आधी टेप लावतो. हँगरला लटकवलेल्या शर्टाला दोन फूट खोल कपाट लागतं. सहा फुटांच्या खोलीत दोन्ही बाजूंना कपाटं केली तर मध्ये दोन फूट उरतात, तिथे खालचा खण ओढून वाकलात की पाठ मागच्या कपाटाला लागते. एकाच बाजूला केलं तर चार फुटांची बोळ नुसती चालायला.

त्यात बाथरूमचं दार मधल्या भिंतीत. म्हणजे ती भिंत तुटली, आणि सलग कपाट मिळणार फक्त बाहेरच्या भिंतीला, आठ फूट. हेच आठ फुटी कपाट बेडरूममध्ये केलं तर 16 चौरस फूट खातं. तुम्ही त्यासाठी 48 देताय. तुमचं बरोबर आहे, वहिनींना सांगा.

हडसनकाठी
असहमत. न्यू जर्सीत आमच्याकडे अगदी हीच रचना आहे, अकरा वर्षं वापरतोय. मी पहाटे पाचला उठतो, बायको आठला. दोन दारं मध्ये असल्यामुळे तिला फ्लशही ऐकू येत नाही. चौरस फुटाचा हिशेब खरा, पण झोपेचा हिशेब कोण करणार? दमटपणाची भीती कोणी घालेल, तर एग्झॉस्ट फॅन लावा. इथल्या नियमात बाथरूमला खिडकी नसेल तर मिनिटाला किमान 50 घनफूट हवा ओढणारा पंखा लागतो. आमच्या बाथरूमला खिडकीच नाही, काही बिघडलं नाही.

वळचण
हडसनकाठी, तुमचं घर बारा महिने बंद, आत यंत्राने हवा फिरते. आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि वाऱ्याबरोबर आडवा. तुमचा पंखा बाथरूममधली वाफ बाहेर टाकेल, पण तिच्या जागी जी हवा आत येईल ती तितकीच ओली असणार.

मी हे करून बसलोय. जांभ्याची भिंत, बाहेरून गिलावा, पश्चिमेला तोंड, आणि नेमकी तिलाच टेकवून कपाटं. पहिल्या श्रावणात चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव. दुसऱ्या पावसाळ्यात प्लायची पाठ फुगून दार लागेना. आईची पैठणी मलमलीत गुंडाळून, वेखंड घालून ठेवली होती, तिची घडीवरची जर काळी पडली. आता कपाटं आतल्या भिंतीला आहेत, मागे तीन बोटं फट आणि दारांना झडपा. ती खोली सध्या पोरांच्या सायकलींची.

आमचे आजोबा पावसाळ्याआधी पडवीच्या पश्चिमेला झावळ्यांची झापं बांधायचे. त्यांना या भिंतीचा स्वभाव माहीत होता. गडगा, तुमचीही कपड्यांची खोली पश्चिमेलाच आहे.

निळीशाई
सगळे पुरुष फूट, इंच आणि बुरशी मोजताहेत. गणपतीत कोकणातल्या घरी किती माणसं असतात? आमच्याकडे बावीस. तेव्हा 'आमची' बेडरूम कोणाची राहत नाही. पलंगावर पोरं, जमिनीवर गाद्या, आणि दार न वाजवता आत येणाऱ्या आत्या. अशा वेळी साडी नेसायला बाईने जायचं कुठे? बाथरूमच्या ओल्या फरशीवर, पदर दातात धरून? कडी लागणारी एक कोरडी खोली ही चैन नाही हो. सुतारपक्षी, ते जास्तीचे 32 चौरस फूट त्याचे.

ओल टाळायची तर बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन घ्या, शॉवर पलीकडे, बेसिन आणि कमोड अलीकडे कोरड्यात. वळचणींच्या जरीबद्दल वाईट वाटलं, पण तिथे गुन्हेगार भिंत आहे, खोली नाही.

सुतारपक्षी
मुद्दा मान्य. पण कडी लावून तुम्ही निऱ्या काढताय आणि बाहेर यजमानांच्या पोटात कळ आली, तर त्यांचा रस्ता कुठून?

निळीशाई
खालच्या न्हाणीतून. जिना आहे ना?

सुतारपक्षी
:) तरी माझं म्हणणं तेच. खोली ठेवा, पण वाट तिच्यातून नेऊ नका. सहाची सात फूट करा. दोन, तीन, दोन. मग दोन्ही बाजूंना कपाटं आणि मध्ये माणूस नीट उभा राहतो. बाथरूम साडेसहाचं झालं तरी आठ फूट लांबीत पार्टिशन आरामात बसतं. त्याला बेडरूममधून स्वतःचं दार द्या.

हडसनकाठी
म्हणजे पहाटे पाचचा उजेड पुन्हा पलंगावर. वाट बंद केलीत तर या रचनेत उरलं काय?

कोबा
साइटवर काम करतो. प्लंबिंगचं कोणी विचारलंच नाही. वरच्या बाथरूमसाठी स्लॅब नऊ इंच ते फूटभर खाली घ्यावा लागतो, वॉटरप्रूफिंग, मग कोबा, मग टाइल. त्याच्या खाली नेमकं काय येतंय? गळती झाली तर पहिली तिथे दिसणार. पाइप सरळ खाली उतरतोय की खोलीतून फिरवावा लागतोय?

गडगा
कोबा, तुमचा प्रश्न वाचून दोन्ही मजल्यांचे कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले.

बाथरूमच्या खाली देवघर आहे.

वळचण
अरे देवा.

निळीशाई
आणि कमोड कुठल्या कोपऱ्यात, हे आता सांगूच नका.

गडगा
आर्किटेक्टला फोन केला. तो म्हणाला, तळमजल्याचा प्लॅन मे महिन्यात आईने बदलून घेतला, तेव्हा देवघर ईशान्येला गेलं आणि वरचा कागद तसाच राहिला. आता पट्टा उलटा करतोय. बाथरूम पश्चिमेला, बरोबर खालच्या न्हाणीवर, त्यामुळे पाइप सरळ उतरतो. कपड्यांची खोली पूर्वेला, सात फुटांची, म्हणजे आडव्या पावसाची भिंत बाथरूमच्या वाट्याला आली. वळचण, कपाटांमागे फट आणि दारांना झडपा, दोन्ही लिहून घेतलंय.

बाथरूमचं दार कुठून, यावर घरात एक विरुद्ध एक अशी मतं आहेत. आईला निर्णायक मत देण्याची विनंती केली. ती म्हणाली, देव नीट बसले, आता वर तुम्ही खिडकीतून ये-जा केलीत तरी मला चालेल.