'टेक ऑन मी'चा व्हिडिओ: पेन्सिल काढून घेतली तर कथा उरते का?

रेघोटी

नमस्कार. मी नाशिकमध्ये उपयोजित कला शिकते. आमच्या मित्रमंडळींचे एक गाणे ध्वनिमुद्रित होऊन तयार आहे आणि त्याचा व्हिडिओ हाताने काढलेल्या चित्रांतून करावा, असे आमच्या मनात आहे. नमुना म्हणून गेला महिनाभर मी नॉर्वेच्या आ-हा या बँडचा 'टेक ऑन मी' हा १९८५ सालचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहते आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅफेत बसून एक मुलगी कॉमिक वाचत असते. साइडकारच्या मोटारसायकलींच्या शर्यतीतला नायक पानातूनच तिला डोळा मारतो, मग पेन्सिलीने काढलेला त्याचा हात पानातून वर येतो आणि तिला आत घेऊन जातो. मुलगी बिल न देताच निघून गेली असे समजून वेट्रेस ते कॉमिक चुरगळून कचऱ्यात टाकते. आत शर्यतीतले दोन प्रतिस्पर्धी नट आवळायचा पाना घेऊन या दोघांच्या मागे लागतात, नायक कागद फाडून मुलीला बाहेर काढतो, आणि ती चुरगळलेले कॉमिक उचलून घरी पळते. शेवटी तो चौकटींवर धडका देत देत तिच्या घरात उभा राहतो.

माझी अडचण अशी आहे की ही गोष्ट तोंडी सांगितली तर शाळकरी वाटते, पण पडद्यावर मात्र ती दर वेळी पकड घेते. म्हणजे सगळे श्रेय रेखाटनाचेच समजायचे का? तसे असेल तर आम्ही गोष्टीवर डोके न शिणवता सरळ चित्रेच काढायला बसावे का? परवा आम्ही एक प्रयोग करून पाहिला. गोदाघाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या मित्राचे मोबाइलवर चित्रण केले, त्यातल्या ४८ फ्रेम छापून घेतल्या, दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी ठेवली, खाली बल्ब लावला आणि एकेक फ्रेम ट्रेस केली. चार सेकंदांचे दृश्य झाले. पण मित्राचे नाक प्रत्येक चित्रात निराळे आल्यामुळे तो पायऱ्या उतरण्याऐवजी तापाने थरथरतो आहे, असे दिसते.

लाइटबॉक्स

नाकापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्या नाकातच आहे.

आपण काचेवर जे केले त्यालाच रोटोस्कोपिंग म्हणतात. अमेरिकेतले ॲनिमेशनकार मॅक्स फ्लायशर यांना या तंत्राचे पेटंट १९१७ मध्ये मिळाले. 'टेक ऑन मी'मध्ये दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनी प्रसंग आधी माणसांना घेऊन कॅमेऱ्याने चित्रित केले आणि त्यांवरून मायकेल पॅटरसन व कँडेस रेकिंजर या दोघांनी सुमारे ३,००० फ्रेम रेखाटल्या. या कामाला १६ आठवडे लागले. आठवड्याचे सहा दिवस धरले तर रोजची तीसहून अधिक चित्रे होतात. आपल्या ४८ चित्रांना किती वेळ लागला ते आठवून पाहावे.

आता कोणतेही रेखाटलेले दृश्य थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवा. नायक झालेले बँडचे गायक मॉर्टन हार्केट यांच्या जबड्याची, भुवयांची, खांद्याची मुख्य रेघ फारशी ढळत नाही. हलतात त्या सावलीच्या तिरक्या रेघा: या फ्रेममध्ये गालावर सात-आठ फटकारे दिसतात, पुढच्या फ्रेममध्ये तेवढेच फटकारे थोड्या निराळ्या जागी येतात. त्यामुळे माणूस स्थिर राहतो आणि कागद जिवंत होतो. आपल्याकडे उलटे झाले असणार. इंटरमिजिएटच्या परीक्षेला घोटून घोटून छटा भरायची जी सवय हाताला लागते, तिच्यामुळे सावली एकसारखी आली आणि बाह्यरेषा मात्र हातातून निसटली. प्रत्येक फ्रेमवर डोळ्यांचे कोपरे, नाकाचे टोक आणि हनुवटी असे चार-पाच ठिपके आधी पक्के करा आणि बाकीची पेन्सिल मोकळी सोडा.

'श्रेय रेखाटनाचे की गोष्टीचे' ही विभागणी मात्र मला मान्य नाही. या व्हिडिओत पेन्सिल ही गोष्टीतली अडचण आहे. नायक कागदावर आहे, म्हणून त्याचे जग चुरगळता येते. वेट्रेसच्या मनात कसलाही दुष्टावा नाही, तिला फक्त बुडालेले बिल दिसते, आणि तिची एक मूठ आवळली गेली की आतल्या दोघांवर संकट कोसळते. कागद आहे म्हणूनच तो फाडून सुटकेची वाट करता येते. कॉमिकला चौकटी असतात, म्हणूनच शेवटी डोके आपटायला त्याला भिंत सापडते. हेच तैलरंगात केले असते तर यातला एकही प्रसंग घडला नसता.

एक दृश्य विशेष पाहावे. मुलगी आत गेल्यावर ती आणि नायक एका आरशासारख्या चौकटीच्या दोन बाजूंना उभे राहतात. चौकटीतून पाहिले की माणूस हाडामांसाचा दिसतो आणि चौकटीबाहेर तोच पेन्सिलीचा होतो. कॅमेरा फिरत राहतो आणि कोण कुठल्या जगातले, हे दर क्षणी बदलत जाते. एकही शब्द न उच्चारता व्हिडिओने आपला नियम तिथे समजावून दिला आहे, आणि नियम कळल्यामुळेच पुढे काय बिघडू शकते याची भीती वाटू लागते.

पंचवटीकर

लाइटबॉक्स यांचे विवेचन आवडले, तरी थोडा विरोध नोंदवतो. आपण व्हिडिओविषयी असे बोलत आहोत की जणू गाणे त्यात नाहीच. गाण्याच्या बोलांत कॉमिक, पेन्सिल, शर्यत यांपैकी काहीही येत नाही. एक जण अडखळत आर्जव करतो, एवढाच त्याचा आशय आहे. १९८४ मध्ये हे गाणे पहिल्यांदा आले तेव्हाच्या व्हिडिओत बँड निळ्या पार्श्वभूमीपुढे गाताना दिसतो, आणि तो कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. पुढे गाणे नव्याने ध्वनिमुद्रित झाले, हा दुसरा व्हिडिओ आला आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यामुळे बाहेरून आणून बसवलेल्या एका चमकदार कल्पनेने गाण्याला तारले, असेही कोणी म्हणू शकेल. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला सहा पारितोषिके मिळाली, हे खरे. पण पारितोषिके मिळाल्याने गाणे आणि चित्र यांची सांगड बसली, असे सिद्ध होत नाही.

लाइटबॉक्स

सांगड आहे, फक्त ती शब्दशः नाही. बोलांतला माणूस आपण एक-दोन दिवसांत इथून गेलेलो असू, असे सुचवतो. व्हिडिओने त्या जाण्याचा अर्थ कागदात परतणे असा लावला आहे. घराच्या बोळात तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळतो तेव्हा कधी माणूस दिसतो, कधी रेखाटन, आणि माणूस होऊन तो हसल्यावरही आपली धाकधूक पुरती जात नाही. ती खोटी नसतेच, कारण याच बँडच्या पुढच्या 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही' या व्हिडिओच्या आरंभी तो पुन्हा रेखाटन होऊ लागतो आणि तिला सोडून पळून जातो. बाहेरून आणलेली कल्पना म्हणावी तर ती बोलांतल्या एका ओळीचे बोट इतके घट्ट कसे धरते?

जुना प्रेक्षक

मी या क्षेत्रातला नाही. फाळक्यांच्या गावात आयुष्य गेले आणि चित्रपट पाहण्याचे व्यसन लागले, एवढीच माझी पात्रता. दादासाहेबांनी कथापट हाती घेण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपून पडद्यावर आणली होती. त्यात नायक नव्हता, संवाद तर शक्यच नव्हता, तरी ती गोष्टच होती, कारण रोपाला वाढणे भाग होते. रेघोटी यांनी तंत्र निवडण्याआधी हा विचार करावा: आपण जी वस्तू वापरणार तिला स्वतःहून काय होणे भाग आहे? पेन्सिलीचा कागद चुरगळतो, फाटतो. आपल्या गाण्यात कागदाचा काही संबंध आहे का? नसेल तर पेन्सिलीची नक्कल केवळ नक्कलच दिसेल, मग नाक कितीही स्थिर ठेवा.

गाण्याचा विषय आपण सांगितलेला नाही. तो सांगितलात तर पुढे बोलता येईल.

रेघोटी

सर्वांचे आभार. गाण्याचा विषय सांगायला हवा होता, तो राहून गेला. नोकरीसाठी पुण्याला निघालेल्या मुलाच्या बहिणीने म्हटलेले ते गाणे आहे. तो पहाटेच्या एसटीने जाणार आणि ती दारात उभी, एवढाच प्रसंग त्यात आहे.

'जुना प्रेक्षक' यांचा प्रश्न वाचल्यावर मला घरासमोरची रांगोळी आठवली. ती पहाटे काढली जाते, दिवसभर कोणा ना कोणाचा पाय तिच्यावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी ती झाडून पुन्हा काढावी लागते. भाऊ बॅग घेऊन उंबरा ओलांडताना त्याचा पाय रेघेवर पडेल आणि तिथून रांगोळीतला मुलगा चालू लागेल, अशी सुरुवात आम्हाला सुचली आहे. लाइटबॉक्स म्हणतात तसा नियम पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाखवता यावा म्हणून, वाऱ्याने त्याचा एक हात विस्कटतो आणि बहीण चिमटीने तो पुन्हा काढते, असे दृश्य योजले आहे.

काल संध्याकाळी ओट्यावर करून पाहिले. मोबाइल स्टुलाला दोरीने बांधून खाली तोंड करून लावला आणि दर चित्रागणिक पायाची रेघ बोटाने पुसून थोडी पुढे काढली. दीड तासात बारा छायाचित्रे झाली, म्हणजे आमच्या हिशेबाने एक सेकंद. अडचण अशी की पुसलेल्या जागी पांढुरकी धूळ राहते आणि मागे सोडलेल्या प्रत्येक पावलाची सावली तशीच दिसत राहते. मैत्रिणीच्या मते ओल्या फडक्याने पुसून ती काढून टाकावी. मला मात्र ती ठेवावीशी वाटते, कारण तो कुठून निघाला होता ते त्या धुळीत दिसते. पंचवटीकर, आपल्याला गाण्याशी सांगड हवी होती. त्या धुळीविषयी आपले मत काय, ते कळवावे.

पंचवटीकर

धूळ ठेवा. फक्त ओटा शेणाने सारवलेला आहे की फरशीचा, ते आधी सांगा. फरशीवर ती धूळ संध्याकाळच्या दिव्यात चमकेल आणि चित्रणात पावलांपेक्षा तीच उठून दिसेल.