विमानात खिडकीपाशी बसून नेमकं काय बघायचं, काय ऐकायचं?

बोदवडकर विचारतात :
राम राम मंडळी. जळगावहून एटीआरने (प्रोपेलरच्या, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाने) मुंबई आणि तिथून एअरबस ए320 या जेटने दिल्ली असं जायचंय. सोबत सहावीतली भाची आहे आणि तिचे प्रश्न आतापासूनच सुरू झालेत. ‘खिडकीची सीट घ्या’ एवढं जो तो सांगतो. पण कोणती बाजू, कोणती ओळ, कोणत्या वेळी कुठे बघायचं, मधेच येणारे आवाज कसले, हे कोणी नीट सांगेल का? स्वस्त तिकिटाच्या युक्त्या नकोत.

तापीकाठ :
एटीआरपासून सुरू करा, बघायला जास्त त्याच विमानात आहे. मोठ्या जेटमध्ये निम्म्या खिडक्यांखाली पंखच येतो. एटीआर 72 चा पंख छताच्या वर असतो, त्यामुळे खाली जमीन मोकळी दिसते. फक्त प्रोपेलर आणि इंजिनाशेजारच्या ओळी टाळा. तिथे दृश्यही अडतं आणि आवाजही सगळ्यात जास्त.

चढायचा दरवाजा मागे डावीकडे असतो आणि पायऱ्या त्या दरवाजातच असतात. चढण्याआधी शेपटीखाली बघा. तिथे एक दांडा टेकवलेला असतो. माणसं मागून चढतात, पुढचा भाग हलका असला तर विमान शेपटीवर बसू शकतं, म्हणून तो आधार. निघण्याआधी काढतात, तेव्हा उशिरा गेलात तर दिसणार नाही. सीट रिकाम्या असताना हवाईसुंदरी तुम्हाला दुसऱ्या ओळीत बसायला सांगेल, तेही याच तोलासाठी. तिच्याशी हुज्जत घालू नका.

दुसरी गंमत उजव्या बाजूला. विमान उभं असताना उजवं इंजिन चालू असतं, पण त्याची पाती जागची हलत नाहीत. जेटच्या शेपटीत वीज आणि हवेसाठी एक छोटं इंजिन असतं, ते एटीआरमध्ये नाही. म्हणून बहुतेक एटीआरमध्ये प्रोपेलरला ब्रेक लावून उजवं इंजिनच ते काम करतं. निघायच्या वेळी ब्रेक सुटतो आणि सहा पाती हळूच फिरू लागतात. भाचीला हे नक्की दाखवा.

उड्डाणाच्या वेळी प्रोपेलर मिनिटाला 1200 फेरे घेतो. थोडी उंची गाठली की तो 82 टक्क्यांवर, म्हणजे हजाराच्या जरा खाली आणतात. आवाजाची पट्टी एकदम उतरते, नवख्या माणसाला वाटतं इंजिन बंद पडलं. काही झालेलं नसतं.

चाकं बघायची तर पंखाच्या किंचित मागची ओळ घ्या. एटीआरची मुख्य चाकं पोटाच्या बाजूच्या फुगीर भागातून बाहेर येतात. उतरताना खिडकीला गाल लावून खाली बघितलं की टायर धावपट्टीला टेकतो तो क्षण आणि त्याचा धूर, दोन्ही दिसतात. जेटमध्ये हे मिळत नाही.

बाजू : मुंबईकडे जाताना विमानाचं नाक साधारण नैऋत्येला असतं. उजवीकडे तापीचं खोरं राहतं, हवा स्वच्छ असेल तर लांबवर सातपुड्याची रेघ. डावीकडे अजिंठा-सातमाळाच्या रांगा. सकाळचं विमान असेल तर मी उजवी बाजू सांगेन, कारण ऊन मागून डावीकडून येतं, उजवीकडे डोळे दिपत नाहीत.

यार्डातला :
तापीकाठ यांनी एटीआरचं सगळं सांगितलंच. उन्हाळ्याचं एक जोडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 च्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखाला आणि इंजिनाला जोर कमी मिळतो, म्हणून कधीकधी वजन कमी करावं लागतं. शिवाय दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर येतात आणि एटीआर खालच्या उंचीवरून जात असल्याने त्यांच्यात जास्त वेळ राहतं. हादरे नको असतील तर सकाळचं विमान घ्या आणि पंखाजवळची ओळ घ्या, शेपटी सगळ्यात जास्त हलते. आवाज की हादरे, एक काहीतरी सोसावं लागेल.

शेवभाजी_प्रेमी :
आता ए320.

सगळ्यात जास्त घाबरवणारा आवाज जमिनीवरच येतो. पायाखालून घर्र-घर्र, कुत्रा भुंकल्यासारखा. एक इंजिन चालू आणि दुसरं बंद असलं की दोन हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणांच्या दाबात फरक पडतो. तो 500 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) पुढे गेला की एक पंप आपोआप सुरू होऊन कमी दाबाच्या यंत्रणेला आधार देतो, त्याचा हा आवाज. निघताना दुसरं इंजिन सुरू होईपर्यंत आणि उतरल्यावर एक इंजिन बंद केल्यावर ऐकू येतो.

मुंबईच्या दमट हवेत डोक्यावरच्या झडपांतून पांढरी वाफ येते. धूर नाही तो, गार हवेत बाष्पाचं झालेलं धुकं आहे.

जमीन सोडल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. पायलट इंजिनाचा जोर कमी करतात आणि चढण मंदावते, एवढंच. मग पंखाच्या मागच्या कडेची फळी टप्प्याटप्प्याने आत जाते, तिच्या मोटारचा कुईं आवाज येतो. ही फळी बघायची असेल तर पंखाच्या मागे बसा. उतरल्या-उतरल्या पंखावरच्या झडपा ताडकन उभ्या राहतात. त्या पंखाची उचल मारतात, विमानाचं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक नीट धरतात. एटीआरमध्ये हे दिसणार नाही. तिथे पात्यांचा कोन उलटा करून वेग मारतात, त्याचीच ती घरघर.

खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला एक बारीक भोक दिसेल. काच तीन थरांची. बाहेरचा थर दाब झेलतो, मधल्या थराला भोक असतं म्हणजे मधल्या पोकळीतला दाब आतल्या हवेएवढा राहतो आणि काच धुरकट होत नाही. उंचीवर गेल्यावर त्या भोकाभोवती बर्फाचे काटे जमतात. मोबाइल त्याच्यावर रोखून झूम करा.

खाली ढगांचा सपाट थर असेल तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला विमानाची सावली आणि तिच्याभोवती रंगीत कडी दिसतात. सकाळी दिल्लीकडे जाताना डावी बाजू, दुपारनंतर उजवी. कड्यांचं केंद्र नेमकं तुमच्या सीटच्या सावलीवर असतं. भाची दुसऱ्या ओळीत बसली तर तिची कडी वेगळी!

बोदवडकर :
भारीच भो! दोन शंका. प्रोपेलरच्या व्हिडिओत पाती वाकडी का दिसतात? आणि कान दुखू नयेत म्हणून काय करायचं?

यार्डातला :
मोबाइलचा कॅमेरा चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून ते केळ्यासारखं वाकतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सगळं हाताने ठरवायचा पर्याय) शटर 1/60 सेकंदाच्या आसपास ठेवा. पाती पुसट गोल दिसतील, डोळ्याला दिसतात तशीच. भर उन्हात फोटो पांढरा पडतो, म्हणून आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) सगळ्यात कमी.

कान चढताना कमी, उतरताना जास्त दुखतात. विमान खाली यायला लागलं की गोळी चघळायला द्या आणि सारखं गिळायला लावा. तरी कान बसले तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं, जोर लावायचा नाही. सर्दी भरलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विमान उतरत असताना भाचीला झोपू देऊ नका, झोपेत गिळणं कमी होतं.

शेवभाजी_प्रेमी :
एक प्रयोग राहिला. दिल्लीच्या विमानात वर गेल्यावर पाण्याची रिकामी बाटली झाकण घट्ट लावून ठेवा. आतला दाब तिथे साधारण 2000 ते 2400 मीटर उंचीच्या डोंगरावरच्या हवेएवढा असतो. दिल्लीत उतरेपर्यंत बाटली चेपते. चिवड्याचं बंद पाकीट याच्या उलट वर गेल्यावर टम्म फुगतं, फोडताना तोंडापासून लांब धरा. एटीआर कमी उंचीवरून जातं, त्यात फरक फारसा जाणवणार नाही.