बाटलीतलं पाणी परत येत नाही? आधी रेडिएटरचं झाकण बघा

गाडीच्या रेडिएटरमधून बाहेर पडणारं पाणी साठवणारी बाटली भरून वाहते आणि इंजिन गार झाल्यावरही रेडिएटर अर्धा रिकामाच, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, असं बरेच जण ठामपणे सांगतात. असेलही, पण इंजिन उघडायच्या आधी झाकण उलटं करून बघा. स्प्रिंगच्या खालचं रबर सगळेच तपासतात. वरच्या कडेखाली, रेडिएटरच्या तोंडाच्या काठावर बसणारं दुसरं रबर मात्र बऱ्याच झाकणांना नसतंच. पूर्वी ओव्हरफ्लोची नळी उघडी खाली सोडलेली असायची, तेव्हा त्याची गरज नव्हती. नंतर बाटली जोडली की मात्र ते हवंच. नाहीतर इंजिन गार होताना झाकणातला मधला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाटलीतलं पाणी ओढायच्या ऐवजी कडेनं हवा ओढून घेतो.

मित्राच्या जुन्या एमजीबीचं (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) हेच झालं. गोव्याहून चोर्ला घाट चढून कणकुंबीला थांबलो, तर बाटली काठोकाठ. बेळगावला सकाळी बघतो तर तशीच, आणि रेडिएटरमध्ये बोटाला पाणी लागेना! मिस्त्री तर हेड काढायलाच बसला होता. उद्यमबागेतल्या एका दुकानात दोन रबरांचं झाकण मिळालं, तेही आधीसारखंच, १० पौंड (प्रति चौरस इंच) दाबाचं. जास्त दाबाचं घालायचा मोह नको हं, जुना हीटर आधी फुटतो. शिवाय नळीचं टोक बाटलीत तळापर्यंत, कायम पाण्यात बुडालेलं पाहिजे. आमचं चार बोटं वर लोंबत होतं.