शब्दचर्चा : 'प्रोपिना लेगाल'ला मराठीत काय म्हणावं?

कुसरकार

डोमिनिकन रिपब्लिकला जाणाऱ्या मराठी प्रवाशांसाठी एक छोटी पुस्तिका भाषांतराला आली आहे. पुंता काना, सांतो दोमिंगो, सामाना असा नेहमीचाच मार्ग. समुद्रकिनारे, व्हेलदर्शन वगैरे हातावेगळं झालं, पण 'कुणाला किती पैसे द्यावेत' या प्रकरणात घोडं अडलंय. पुस्तिकेत नमुन्याचं एक बिल दिलंय ते असं:

मोफोंगो आणि दोन बिअर : १००० पेसो
इतबिस : १८० पेसो
प्रोपिना लेगाल : १०० पेसो
एकूण : १२८० पेसो

(मोफोंगो म्हणजे कच्ची केळी तळून, लसूण घालून, उखळीत कुटून केलेला गोळा. चवीला झकास म्हणतात.)

इतबिस हा त्यांचा जीएसटी, १८ टक्के. तिथवर ठीक. 'प्रोपिना' म्हणजे टिप आणि 'लेगाल' म्हणजे कायद्याची. आता 'कायदेशीर टिप' लिहिलं तर वाचणारा म्हणणार, म्हणजे बाकीच्या बेकायदेशीर का? 'सेवाशुल्क' लिहिलं तर आपला माणूस तिथे जाऊन मॅनेजरशी हुज्जत घालणार. त्यात पुढच्याच पानावर 'सेवा आवडली तर प्रोपिना वेगळी द्या' असं वाक्य आहे. शब्द तोच. मराठीत दोन शब्द करू की एकावरच भागवू?

तिखटमीठ

सेवाशुल्क लिहा आणि पुढे चला. पुस्तिका आहे, कोश नाही.

परतलेला_कॅरिबियन

तिखटमीठ, नका हो तसं करू. नोकरीच्या निमित्ताने मी सांतो दोमिंगोत राहिलोय आणि नेमका हाच घोळ तिथे आलेल्या आपल्या लोकांनी घातलेला बघितलाय. आपल्याकडे सर्व्हिस चार्ज हा हॉटेलवाल्याने स्वतःच्या मनाने लावायचा प्रकार. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे बिलात असं काही दिसलं की 'हे काढा' म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, आणि इथे ती योग्यच आहे.

तिथे प्रकरण उलटं आहे. तिथली कामगार संहिता म्हणजे १९९२ चा १६-९२ क्रमांकाचा कायदा. त्याचं २२८ वं कलम म्हणतं की हॉटेल, रेस्टॉरंट, कॅफे, बार, जिथे गिऱ्हाईक बसून खातं-पितं तिथे मालकाने बिलात दहा टक्के लावलेच पाहिजेत, आणि ती रक्कम सेवा देणाऱ्या कामगारांमध्ये पूर्णच्या पूर्ण वाटली पाहिजे. तुम्ही 'काढा' म्हणालात तर मालकाचं काही जात नाही, वेटरचा आणि आतल्या पोरांचा वाटा जातो. पार्सल घेतलंत तर हे दहा टक्के लागत नाहीत, कारण वाढणारं कुणी नसतं. कायद्याला शुल्क अभिप्रेतच नाही, वाटणी अभिप्रेत आहे. म्हणून 'सेवाशुल्क' नको.

स्थानिक लोक या ओळीला नुसतं 'ला ले' म्हणतात, म्हणजे 'कायदा'. 'ले धरून किती झाले?' असं विचारतात. काही ठिकाणी मेनूवरच्या किमतीत हे सगळं धरलेलं असतं, काही ठिकाणी नसतं. नसलं की हजाराचे १२८० होतात आणि नवा माणूस बिल दोनदा उलटसुलट करून बघतो.

शब्दखोर

व्युत्पत्तीची भर घालतो. प्रोपिना हा मुळात ग्रीक 'प्रोपिनेइन'वरून लॅटिनमार्गे आलेला शब्द. अर्थ: दुसऱ्याच्या आरोग्यासाठी आधी आपण प्यायचं आणि मग प्याला त्याच्या हाती द्यायचा. म्हणजे टिप हे मुळात पेयाचे पैसे. फ्रेंच 'पूरब्वार' म्हणजे पिण्यासाठी, जर्मन 'ट्रिंकगेल्ड' म्हणजे पिण्याचे पैसे. आपण चहापाणी म्हणतो, तेही त्याच पंगतीतलं, फक्त आपल्याकडे प्याल्यात चहा.

गंमत म्हणजे ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये 'प्रोपिना' म्हणजे सरळसरळ लाच. तिथे टिपेला 'गोर्जेता' म्हणतात, त्याच्या मुळाशी घसा आहे. पोर्तुगालमध्ये 'प्रोपिनास' म्हणजे विद्यापीठाची फी! पेरूमध्ये पोरांना देतात त्या खाऊच्या पैशांनाही प्रोपिना म्हणतात. एकच शब्द खाऊपासून खाबूगिरीपर्यंत फिरून आलाय.

मावशी_ऑनलाइन

पण आपल्याकडे शब्द कमी आहेत का? टिप टिप करत बसलोय. बक्षिसी होती, दिवाळीचं पोस्त होतं, खुशी होती, ओवाळणी होती. पोस्टमन, कचरा नेणारा, वॉचमन दिवाळीत दारात यायचे ते पोस्त मागायला. ते मागणं लाजिरवाणं नव्हतं, हक्काचं होतं. टिप आली आणि सगळं एकाच बरणीत गेलं.

परतलेला_कॅरिबियन

मावशी, वॉचमनवरून आठवलं. तिथेही इमारतीच्या राखणदाराला 'ग्वाचिमान' म्हणतात, तुमचाच वॉचमन! आणि डिसेंबरमध्ये त्याच्या हातावर काहीतरी ठेवायची पद्धत आहे. त्याच्या पगाराचा तेरावा महिना वेगळा. तो कायद्याने २० डिसेंबरच्या आत द्यावा लागतो, त्याला 'दोब्ले स्वेल्दो' म्हणतात. पण बिऱ्हाडकरूंनी दिलेली पाकिटं ही पाकिटंच. पोस्त हा शब्द तिथे चपखल बसेल.

ऱ्हस्वदीर्घ

टिप की टीप ते आधी ठरवा. 'वेटरला टीप दिली' वाचलं की मला वाटतं पोलिसांचा खबऱ्या आहे. शिंप्याची टीप वेगळी, तळटीप वेगळी.

कुसरकार

ऱ्हस्वदीर्घ, पुस्तिकेत टिप ऱ्हस्वच ठेवतोय, निदान खबरी आणि शिंपी बाहेर राहतील.

परतलेले, एक विचारतो. मग तिथले लोक 'ले'च्या वर काही देतात की नाही? पुस्तिकेत फक्त 'साधारण दहा टक्के आणखी' असं ठोकून दिलंय.

परतलेला_कॅरिबियन

ते पर्यटकांसाठी लिहिलंय. तीन टेबलं डोळ्यांसमोर आणा, तिन्हीवर वरचंच १२८० चं बिल आलंय.

पहिल्यावर सांतो दोमिंगोतलं कुटुंब. बाप १३०० ठेवतो आणि उठता उठता म्हणतो, 'देहा एसो आसी', म्हणजे सुटे परत नकोत. वर दिले वीस पेसो. डॉलरला साधारण साठ पेसो, म्हणजे बघा काय ते. यात कंजुषी नाही. त्याच्या हिशेबी शंभर आधीच दिलेत, वरचं हे फक्त सुट्ट्यांसाठी खोळंबायला नको म्हणून. फार खूश झाला तर शंभर-दोनशे देईल, पण ते त्या पोराकडे बघून, टक्केवारी काढून नव्हे.

दुसऱ्यावर अमेरिकन. तो 'ले'ची ओळख न करून घेता एकूण बिलावर वीस टक्के काढतो आणि २५६ पेसो ठेवतो. वेटर अर्थातच नको म्हणत नाही.

तिसऱ्यावर सोसुआ किंवा लास तेर्रेनास अशा किनाऱ्यावरच्या गावात कायमचा येऊन राहिलेला युरोपियन. हा सगळ्यात त्रासलेला. टेबल एकचं बिल त्याला पाठ असतं, टेबल दोनवर तो मनातल्या मनात करवादत असतो की या लोकांनी भाव बिघडवून ठेवलेत, आता आम्हालाही लोक डॉलर समजतात. आपण स्थानिक दिसत नाही, त्यामुळे स्थानिकासारखं वागलो की कंजूष ठरतो, ही त्याची कायमची ठसठस. मला त्याच्याबद्दल थोडी सहानुभूती आहे, थोडीच.

सर्वसमावेशक रिसॉर्टमध्ये, म्हणजे मनगटावर पट्टी बांधतात तिथे, 'सगळं धरलेलं आहे' असं सांगतात. तरी खोली आवरणाऱ्या बाईसाठी उशीपाशी एक-दोन डॉलर ठेवतात लोक. फक्त नाणी ठेवू नका म्हणून पुस्तिकेत ठळक लिहा! परदेशी नाणी बदलून मिळत नाहीत. पर्यटक उदार मनाने अमेरिकन क्वार्टर नि युरोची नाणी ठेवून जातात आणि ती बिचारीच्या डब्यात पडून राहतात. त्यापेक्षा पन्नास पेसोची नोट बरी.

तिखटमीठ

मग तिथला माणूस खरी टिप देतो तरी कुणाला?

परतलेला_कॅरिबियन

जिथे 'ले' नाही तिथे. सुपरमार्केटात पिशव्या भरून गाडीपर्यंत आणून देणारी पोरं. कोलमादोतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, मोटरसायकलवर बर्फ नि बिअर घेऊन येणारा पोरगा. रस्त्यावर गाडी लावताना 'ये, ये, अजून ये' करून हात हलवणारा स्वयंघोषित पार्किंगवाला. यांना पंचवीस-पन्नास पेसो न चुकता. मोटोकोंचोवाल्याला, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याला, वर काही देत नाहीत. भाडं बसायच्या आधी ठरवायचं, संपला विषय.

शब्दखोर

बक्षिसी, पोस्त सगळं मान्य, पण कुसरकारांना हवाय तो हक्काचा वाटा. त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: बलुतं. गावाच्या कामाबद्दल पिकातला ठरलेला हिस्सा, कुणाच्या मर्जीवर नाही. 'हॉटेलचं बलुतं' कसं वाटतं?

खळेदार

वाईट वाटतं. बलुतं कागदावर हक्क होता, पण घ्यायला खळ्यावर जाऊन उभं राहावं लागायचं, आणि पदरात काय पडणार ते देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. शिवाय ज्याला बलुतं त्याला ते काम सोडायची सोय नव्हती. माझ्या आजोबांनी बलुतं सोडलं तेव्हा गावाने वर्षभर बोलणं टाकलं होतं. पुंता कानाच्या वेटरच्या गळ्यात ते कशाला बांधता? तो उद्या दुसऱ्या हॉटेलात जाऊ शकतो.

शब्दखोर

मागे घेतला. शब्द जुना म्हणून सोयीचा वाटला, पण तुमचं बरोबर आहे.

मावशी_ऑनलाइन

'कामगारवाटा' म्हणा की सरळ. कुणाचा आणि काय, दोन्ही कळतं.

तिखटमीठ

कामगारवाटा हे कामगार आयुक्तालयाच्या फॉर्मवरचं वाटतं, पण सेवाशुल्कापेक्षा बरं, हे मान्य. पण तो वाटा खरंच पोचतो का? की मालक गिळतो?

परतलेला_कॅरिबियन

हा प्रश्न तिथलं गिऱ्हाईकसुद्धा वेटरला हळूच विचारतं: 'ते दहा टक्के तुम्हाला देतात ना?' उत्तर ऐकून मग वरचं किती ते ठरवतात. कार्डाच्या यंत्रात न घालता रोख हातात देतात ते याचसाठी.

ऱ्हस्वदीर्घ

आणि चिरीमिरीला काय म्हणतात? पुस्तिकेत नसेल, पण धाग्यात असू दे.

परतलेला_कॅरिबियन

'माकुतेओ'. 'माकुतो' म्हणजे ताडासारख्या पानांची विणलेली झोळी. झोळी पुढे करायची तो माकुतेओ. खुर्चीतला किंवा वर्दीतला माणूस तोंडाने मात्र एवढंच विचारतो: 'ई लो मीओ?' आणि माझं? किंवा 'पा उना फ्रीआ', म्हणजे एका थंडगार बिअरपुरतं. शब्दखोरांची ग्रीक व्युत्पत्ती तिथे रस्त्यावर जिवंत आहे!

प्रोपिना आणि माकुतेओ यांत लोक नीट फरक करतात. काम झाल्यावर, आपण होऊन, वरच्याने खालच्याला दिलं की प्रोपिना. काम अडवून मागितलं की माकुतेओ. आपल्याकडे चिरीमिरी दोन्हीकडे चालते, तशी तिथे चालत नाही. सरकारी खिडकीत कुणी प्रोपिना म्हटलं तर समोरचा हसेल.

कुसरकार

वा, पुष्कळ मिळालं. मग असं करतोय. बिलातल्या ओळीला 'कामगारवाटा (प्रोपिना लेगाल)', कारण छापील बिलावर वाचकाला तेच स्पॅनिश शब्द दिसणार. वर दिलेल्या पैशांना 'बक्षिसी'. डिसेंबरच्या पाकिटांना 'पोस्त'. टिप कुठेच नाही, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घांचा तंटाही मिटला.

एकच उरलं. ते 'देहा एसो आसी' शब्दशः 'ते तसंच सोड' होतं. संभाषणाच्या पानात घालायचंय. 'बाकीचे तुम्हाला ठेवा' लिहिलंय, पण कानाला हॉटेलच्या फलकासारखं लागतंय.

मावशी_ऑनलाइन

अहो, 'राहू द्या'! आपण रिक्षावाल्याला दुसरं काय म्हणतो?

परतलेला_कॅरिबियन

अगदी तेच. तोही पाठ वळवता वळवता म्हणायचा असतो, थांबून नाही. आणि सुट्ट्यांना तिथे 'मेनुदो' म्हणतात, परत आलेल्या पैशांना 'देव्वेल्ता'. टॅक्सीवाल्याकडे मेनुदो कधीच नसतो, हे पुस्तिकेत घाला. त्याला भाषांतर लागणार नाही.