मदत हवी आहे: अहिराणी शब्दकोशासाठी पैसा कुठून आणि कोणत्या अटीवर घ्यावा?

नमस्कार मंडळी, आम्ही जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे काही जण मिळून ऑनलाइन अहिराणी शब्दकोश चालवतो, सगळं काम फुकट, शब्दासोबत गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या आवाजातला उच्चारही टाकतो, त्यामुळे आता होस्टिंगचा खर्च खिशातून झेपत नाहीये. एक बियाणे कंपनी वर्षाचा सगळा खर्च द्यायला तयार आहे, पण कापूस आणि केळीच्या नोंदी छापायच्या आधी आम्हाला दाखवा म्हणते. हे मला अजिबात पटत नाही, आज त्यांना हो म्हटलं तर उद्या गावांच्या नोंदीत पुढारी हात घालतील. विकिपीडिया २००१ पासून जाहिराती न घेता चालतो, बराचसा पैसा वाचकांच्या छोट्या देणग्यांचा, पण आपले वाचक तेवढे कुठे? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोफत ऑनलाइन तत्त्वज्ञान कोशाने ग्रंथालयांकडून वर्गणी घेऊन कायम निधी उभा केला, तसं इथल्या कॉलेज-वाचनालयांना विचारावं का?

ट्रस्ट नोंदवून ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) कोणी घेतलंय का, सीएचा आणि ऑडिटचा खर्च परवडतो का? आणि एकाच देणगीदाराकडून एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा नियम ट्रस्टच्या घटनेत टाकता येतो का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, कंपनीला लवकर उत्तर द्यायचंय.