अनुभव धागा: मूल स्वतःला शोधत असताना

‘मी मुलगी नाहीये’ किंवा ‘मी मुलगा नाहीये’ असं मूल म्हणालं, तेव्हा तुम्ही काय केलंत? जे चुकलं तेही लिहा. मुलाचं नाव, फोटो मात्र देऊ नका. त्याची गोष्ट त्यालाच सांगू दे.

सुरुवात मी करते. लेक सहा वर्षांची असताना ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणू लागली. मी दर वेळी टोकायचे, ‘आले म्हण, जेवले म्हण.’ व्याकरण शिकवतेय असंच वाटायचं मला. मग तिने ती क्रियापदंच टाकली. ‘मी दमले’ नाही, ‘मी दमलो’ नाही, नुसतं ‘पाय दुखतायत’. दारातून ‘आई, दप्तर जड.’ एवढंसं पोर वाक्यं वळवून वळवून बोलतंय, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. त्या रात्री पांघरूण घालताना म्हटलं, ‘तुला हवं तसं बोल.’ थोडा वेळ गप्प. मग अंधारातून आवाज आला, ‘मी झोपतो.’
आता नऊ पूर्ण. पुढे काय ठरेल ते ठरेल. मी ‘माझं लेकरू’ म्हणते, आम्हा दोघांनाही तो शब्द आवडतो.

---

आम्हाला पहिले समुपदेशक म्हणाले, धाक दाखवा, सवय जाईल. दोन महिने दाखवला. मुलाचं बोलणंच गेलं. ती चूक माझी, बाप म्हणून.
नंतरच्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी नीट समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजार व आरोग्यस्थितींच्या यादीत लिंगभाव विसंगती, म्हणजे जन्मतः ठरवलेलं लिंग आणि आतून वाटणारं लिंग न जुळणं, मानसिक विकारांत धरलेली नाही, ती लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात आहे. नुसतं वागणं किंवा आवडीनिवडी वेगळ्या, एवढ्यावर निदान करायचं नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. शिवाय वयात येण्याआधी औषधांचा प्रश्नच नसतो. नाव, कपडे, केस, एवढंच. हे ऐकून त्या रात्री मी शांत झोपलो.

---

आमच्या मुलाने दोन वर्षं मुलीचं नाव लावलं, मग म्हणाला, जुनंच बरं. आम्ही दोन्ही वेळा ‘बरं’ म्हणालो. काही खुपलं की अजूनही आधी आमच्याकडेच येतो.

---

मी शिक्षिका. मुलगे-मुली अशा रांगा बंद केल्या, उंचीप्रमाणे उभं करते. रांगेच्या वेळी पाणी प्यायला पळणारं एक मूल आता पळत नाही.

---

मी आता चौतिशीत, ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवली गेलेली. चौदाव्या वर्षी फक्त आत्याला सांगितलं होतं. तिने ‘खात्री आहे का?’ विचारलं नाही. ‘नाव काय ठेवलंयस?’ विचारलं, आणि लगेच, ‘चारचौघांत कुठलं घेऊ?’ घरी जुनंच घ्यायची. वाढदिवसाचं शुभेच्छापत्र हळूच हातात द्यायची, त्यावर माझं नाव. सगळी जपून ठेवलीयत.